दातवाले सर

सरांना मुलांची नावं लक्षात राहत नसत, दात लक्षात राहत. "ए, खालचे दोन पडलेली, इकडे ये," असं ते म्हणायचे आणि जिचे खालचे दोन पडलेले असतील ती बरोबर उठून जायची. एका मुलाचे वरचे दात एकावर एक चढलेले होते, त्याला ते दाटीवाटी म्हणत. त्याच्या आईला याचा राग यायला हवा होता, पण महिन्याभरात तीच त्याला घरी दाटीवाटी म्हणू लागली. मोठ्या माणसांशीही त्यांचं तसंच. समोरचा बोलत असला की सर त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. त्यामुळे नवीन माणूस बोलता बोलता ओठांवर हात ठेवायचा. गावानं त्यांचं नाव दातवाले सर ठेवलं. ते त्यांना माहीत होतं. कोणी हाक मारली तर 'ओ' द्यायचे.

मी त्याच शाळेत खिचडी शिजवते. लोणार तालुक्यातल्या बीबीपासून आत आमचं गाव आहे. शाळा चौथीपर्यंत, आणि मीही तेवढीच शिकलेली, याच शाळेत. स्वयंपाकाची खोली वर्गांच्या मागे आहे. तिला एकच खिडकी, ती पाण्याच्या टाकीकडे उघडते, तिथून ओसरीचा एक कोपरा दिसतो. वर्गात काय शिकवतात ते तिथे ऐकू येत नाही, नुसता पाढ्यांचा आवाज येतो. मी वर्गात जात नसे. खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ओसरीत नेऊन ठेवायचा, पंगत वाढायची, भांडी घेऊन परत मागे यायचं. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. बारा वर्षं मी त्या शाळेत मान हलवूनच काढली होती, तेव्हा सर आले.

ते लोणारहून मोटारसायकलवर यायचे. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा गोल आरसा. तो आरसा त्यांनी कशाचा काढला होता ते माहीत नाही, पण त्याला चमच्याची दांडी बांधलेली होती. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ओसरीतच सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या तोंडात आरसा घालून बघितलं. मी खिडकीतून बघत होते. रांग संपली तेव्हा ते पायरीवर बसले आणि बराच वेळ आरसा पुसत राहिले.

मग त्यांनी जे केलं ते अजून गावात सांगतात. मुलांना समोर बसवलं, तोंडात हात घातला आणि आपले सगळे दात काढून स्टीलच्या डबीत ठेवले. वरचे आणि खालचे, दोन्ही. पहिलीची दोन लेकरं रडायला लागली. एक मुलगी पळत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी वं, सराचं तोंड निघालं!" सरांनी दात नसलेल्या तोंडानं तेराचा पाढा म्हटला. पूर्ण म्हटला, तेरा दाहेपर्यंत. मग दात बसवले आणि विचारलं, "काय म्हटलं मी?"

"काहीच नाई समजलं, सर!"

"हेच सांगायचं होतं," सर म्हणाले.

त्यांचे दात पंचविशीच्या आतच खराब झाले होते असं ते सांगायचे. लग्नाच्या फोटोत मी तोंड मिटून बसलेलो आहे, बायकोला वाटलं नवरा रागीट आहे, ती वर्षभर घाबरून वागली, असं सांगून हसायचे. हसताना मात्र पूर्ण तोंड उघडायचे, ते एकसारख्या दातांचं तोंड, कणसासारखं.

आमच्याकडे तेव्हा मुलांचे दात हा काही बघायचा विषय नव्हता. बाया तव्यावर तंबाखू जाळून मिश्री करायच्या, आम्ही सगळ्या लावायचो. मीही लावायची. माझी धाकटी, रेणू, तेव्हा पहिलीत होती, तीही माझ्याच डबीत बोट बुडवायची. पुढचे चारही दात तिचे काळे झालेले होते, मुळापाशी नुसते खुंट उरलेले. एकदा तिचा गाल सुजला, मी लवंग दाबून धरली. तिचे बाबा म्हणाले, "दुधाचा दात हाये, पडून जाईन. त्याले काय करा लागते?" खरंच वाटलं मला. पडणारच आहे त्याची काळजी कशाला.

सर घरोघर फिरले. आमच्या गल्लीत आले तेव्हा पाच-सहा बाया ओट्यावर बसलेल्या होत्या. सरांनी मिश्रीचं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, मिश्री नाई लावली तं मले सकाळच झाल्यावानी वाटत नाई."

"तुमच्याशी भांडायला मी नंतर येणार आहे, काकू. आधी लेकरांचं बघू. तुम्ही तुमच्या नातवाला बिडी ओढायला द्याल का?"

"अयाई! काऊन देईन?"

"मग बोटाला लावून तोंडात काऊन घालता?"

काकू हसायला लागल्या, पण त्यांनी डबी पदराखाली सरकवली. मग सरांनी रेणूला जवळ बोलावलं. आरसा घातला. मला वाटलं काळ्या खुंटांबद्दल बोलतील. ते म्हणाले, "इथे मागे बघा. ही दाढ आत्ता वर येते आहे. दात पडला नाही, तरी मागून नवीन आली. म्हणून सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच. ही दुधाची नाही. ही सहाव्या वर्षी येते आणि मरेपर्यंत तीच. अशा चार येतात. पुढचे गेले ते गेले, नवीन येतील. या चार गेल्या तर पुन्हा येणार नाहीत."

ते आम्हा सगळ्यांना सांगत होते, पण मी मान खाली घालून रेणूच्या तोंडाकडेच बघत राहिले. पांढरी, ओली, अर्धी वर आलेली दाढ होती. उगवत्या हरभऱ्यासारखी. तेव्हापासून मला त्या चार दाढांची काळजी लागली. शेतात काम करताना, भाकरी थापताना मला ती दाढ आठवायची. मी मिश्री सोडली ती त्या दिवशी. सोडली म्हणजे रेणूसमोर सोडली, पूर्ण सुटायला पुढे वर्ष लागलं.

सरांनी कुठून तरी ब्रश मिळवले, पेस्ट मिळवली. एका लांब फळीला भोकं पाडून घेतली आणि प्रत्येक भोकात एक ब्रश, खाली चिकटपट्टीवर नाव. फळी ओसरीत ठोकली. आधी त्यांनी शाळेच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं. आपल्या भागात काही ठिकाणी पाण्यातच पेस्टमधलं ते औषध जास्त असतं, फ्लोराइड म्हणतात त्याला, आणि ते फार झालं तर दातांवर डाग पडतात, असं त्यांना माहीत होतं. पाणी ठीक आहे असा कागद आला तेव्हाच पेस्ट उघडली. इतका सावध माणूस मी दुसरा बघितला नाही.

पेस्ट किती घ्यायची ते त्यांनी माझ्याकडून दाणे घेऊन दाखवलं. खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, एक हरभऱ्याचा दाणा आणि एक तांदळाचा दाणा द्या." ते दोन्ही त्यांनी फळीवर चिकटवले. शाळेतल्या पोरांनी हरभऱ्याएवढी घ्यायची, घरी बारकी भावंडं असतील त्यांना तांदळाएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ते विकायला दाखवतात, असं ते म्हणायचे.

खिचडी झाली की ब्रश. आणि शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी गुळण्यांचं औषध, म्हणजे माउथवॉश. ते सगळ्यांना मिळायचं नाही. गिळलं तर वाईट, म्हणून सरांनी परीक्षा ठेवली होती. खोकल्याच्या औषधाच्या झाकणात साधं पाणी मोजून द्यायचे. तोंडात घोळवायचं आणि परत पेल्यात थुंकायचं. मग ते पाणी पुन्हा झाकणात ओतून बघायचे. जेवढं घेतलं तेवढं परत आलं तर पास. कमी आलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा साधं पाणी.

गावात याची फार मजा झाली. शाळेच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आणि त्याच्याच खाली सरांनी थुंकण्यासाठी चर खणून घेतलेला, फुलझाडांच्या कडेनं. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "काय सर, पोराईले थुंकाले शिकवून राह्यले म्हनते तुमी?"

"हो. पहिलीची अर्धी नापास आहेत."

"आन् आमी? आमाले नोकरी द्या ना मंग. आमाले लई जमते!"

सर त्याच्या लाल तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा नेम चांगला आहे, पण दात चारच उरलेत." सगळे हसले, तोही हसला.

बाजाराच्या दिवशी बीबीला ते दिसले की मुलं गोळी पाठीमागे लपवायची. सर जवळ जाऊन म्हणायचे, "लपवू नको. खायची तर चावून संपव आणि पाणी पी. दिवसभर चघळत बसू नको." गोड खाऊ नका असं ते कधी म्हणाले नाहीत. पंचमीला, पोळ्याला मुलांनी भरपूर गोड खावं, जेवणात खावं आणि विषय संपवावा, असं त्यांचं मत होतं.

आता माझी गोष्ट सांगते. ती परवापर्यंत कोणाला सांगितली नव्हती, आता वहीत लिहायला घेतली.

सरांचा एक नियम होता. ब्रश झाला की फेस थुंकायचा, पण पाण्यानं चूळ भरायची नाही. आणि शनिवारी औषधाच्या गुळण्या झाल्या की अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. त्या अर्ध्या तासात ते घड्याळ समोर ठेवून गोष्ट सांगायचे, म्हणजे मुलं नळाकडे जाणार नाहीत. का जायचं नाही, ते त्यांनी वर्गात चांगलं समजावून सांगितलं होतं. ते मी ऐकलं नव्हतं. मी फक्त खिडकीतून एवढं ऐकलं होतं, "चूळ भरायची नाही, सांगून ठेवतो."

आमच्या टाकीत तेव्हा आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. बोअर उन्हाळ्यात थांबून थांबून चालायचा. मला वाटलं, सर पाणी वाचवून राहिले आहेत. एवढी लेकरं रोज चुळा भरतील तर टाकी कशी पुरेल? मला त्यांचा नियम पटला, पण लेकरांची दया आली. जेवलेलं तोंड, वर तो फेस, आणि चूळ नाही. आमच्यात जेवून तोंड न धुता कोणी उठत नाही. तसं तोंड खरकटं मानतात. तसाच कोणी देवळात गेला तर म्हातारी माणसं परत पाठवतात. आणि शनिवारी शाळा सुटली की अर्धी मुलं मारुतीला जायची.

म्हणून मी घरून पाणी आणू लागले. शाळेचं नाही, माझ्या घरचं. रोज एक हंडा डोक्यावर, कमरेवर तांदळाची पिशवी. तो हंडा मी खोलीच्या मागच्या दाराशी ठेवायची. ब्रश झाला की मुलं ब्रश फळीला लावून मागून माझ्याकडे यायची, मी गडव्यानं एकेकाच्या ओंजळीत पाणी घालायची. "भर बाळा चूळ. चांगली भर. आता कसं मोकळं वाटते?" शनिवारी गोष्ट सुरू व्हायच्या आधी लघवीला जायचं म्हणून मुलं उठायची आणि माझ्याकडून पाणी पिऊन जायची. औषधानं जीभ चरचरते म्हणायची. मी प्यायला द्यायची. रेणूला तर सगळ्यात आधी.

एक दिवस नाही चुकवला. अंगात ताप होता तरी हंडा नेला. मला वाटायचं, सर जे करतात त्यात माझाही हात लागतो आहे.

वर्ष झालं. सरांनी तालुक्याच्या दातांच्या डॉक्टर मॅडमला बोलावलं. त्याच दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले होते. त्यांना हे ब्रशचं आवडलेलं नव्हतं, वाचनाचा वेळ जातो म्हणायचे. मॅडमनी सगळ्यांचे दात बघितले, कागदावर लिहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या म्हणत होत्या, "फरक आहे, सर, पण थोडा. तुम्ही इतकं करता, त्या मानानं खूपच थोडा. नव्या दाढांनाही कीड धरलेली दिसते."

"मंग बंद करून टाका ना," केंद्रप्रमुख म्हणाले. "वर्षभर बघितलं की आपण."

सरांनी यादी हातात घेतली. नावं वाचत नव्हते, दात वाचत होते. मग मान वर करून मला म्हणाले, "ताई, तुमच्या रेणूच्या खालच्या उजव्या दाढेला डाग आहे. बारीक आहे. अजून भरता येईल. तालुक्याला घेऊन जा, उशीर करू नका." आणि मग म्हणाले, "माझ्याकडून झालं नाही."

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. तो मी तसाच घेऊन मागे आले. चहा कोणी घेतलाच नाही हे मला मागे आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सोमवारी पालकसभा होती, त्यात बंद करतो असं सांगायचं सरांनी ठरवलं होतं. सकाळी ते खोलीच्या दाराशी आले. आतमध्ये बघत म्हणाले, "ती ब्रशची फळी सोमवारी काढतो. लाकूड चांगलं आहे. तुम्हाला इथे मसाल्याचे डबे ठेवायला होईल."

मला तेव्हाही कळलं नव्हतं की चूक माझी आहे. पण एक गोष्ट मनात आली. मी विचारलं. सरांना मी पहिल्यांदाच काही विचारत होते. "सर, चूळ काऊन नाई भरू द्यायची?"

"औषध दाताला लागून राहायला वेळ लागतो, ताई. लगेच पाण्यानं धुतलं की सगळं वाहून जातं. मग ब्रश केला काय आणि नाही केला काय, फार फरक नाही."

ते सहज बोलले आणि गेले. मी ओट्याला धरून उभी राहिले. डाळ शिजत होती, ती खाली लागली तरी मला वास आला नाही.

सांगितलं तर काम जाईल, हे पहिल्यांदा मनात आलं. शाळा समितीत माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या दोघीजणी होत्या. आणि गाव काय म्हणेल? सगळ्यांच्या लेकरांच्या दाढा. नाही सांगितलं तर सोमवारी फळी निघेल, आणि रेणूच्या तीन दाढा अजून चांगल्या होत्या. त्या माझ्या मसाल्याच्या डब्यांखाली जातील. दुपारपर्यंत मी हाच विचार करत बसले. कसं बोलायचं हे मला सुचत नव्हतं. मग मी बोललेच नाही. खिचडी झाली, ब्रश झाला, मुलं मागच्या दाराशी आली, तेव्हा मी एका मुलीला म्हटलं, "जा, सरांना बोलाव. म्हणावं मावशीनं बोलावलं."

सर आले. त्यांच्यासमोर मी हंड्यातून गडवा भरला आणि पहिल्या मुलाच्या ओंजळीत पाणी घातलं. त्यानं खळखळून चूळ भरली. मी दुसऱ्याच्या ओंजळीत घातलं. अर्धं पाणी खाली सांडलं. तिसऱ्याला सरांनी हातानं थांबवलं.

"हे रोज होतं?"

मी मान हलवली.

"शनिवारी पण?"

मान हलवली.

"पाणी कुठलं?"

"घरचं," मी म्हटलं. "मले वाटलं तुमी टाकीचं पानी वाचवून राह्यले. लेकराईचं तोंड खरकटं राहते. म्हून मी घरून आनलं."

सर हंड्याकडे बघत होते. मग त्यांनी वाकून हंडा उचलून बघितला, भरलेला, आणि परत खाली ठेवला. "डोक्यावर आणता?"

"हाव."

"वर्षभर?"

मला रडू फुटलं. सर पायरीवर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ते कपाळावर हात ठेवून बसून राहिले आणि हळू म्हणाले, "मी पोरांना सांगितलं. पालकांना सांगितलं, तेव्हा तुम्ही इथे मागे चहा करत होता. साहेबांना सांगितलं, जे ऐकत नव्हते त्यांना. तुम्ही रोज दहा पावलांवर होता, तुम्हाला सांगितलं नाही." मग मान वर करून त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते, "खरकटं म्हणजे काय, ताई? मला नीट सांगा. जेवल्याचं की फेसाचं?"

मी विचार केला. "जेवल्याचं," मी म्हटलं. "फेसाचं कोनी काई म्हनत नाई."

"म्हणजे आधी चूळ भरली तर?"

"तर काई नाई."

ते उठले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. "मग आधी चूळ. खिचडी झाली की तुमच्या हंड्यातलं पाणी, पाहिजे तेवढं. मग ब्रश. मग नुसतं थुंकायचं, आणि तुमच्या दाराशी कोणी आलं तर पाणी नाही. शनिवारी मारुतीला जायचं ते औषधाच्या आधी चूळ भरून. चालेल?" ते मला विचारत होते. मी मान हलवणार होते, पण म्हटलं, "चालन."

मग ते म्हणाले, "नाही म्हणायला जमेल का तुम्हाला? पोरं रडतील पाण्यासाठी." मी म्हटलं, जमेल. दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. जीभ चरचरते म्हणून रेणूच पहिली आली. मी तिला पाणी दिलं नाही. ती जमिनीवर पाय आपटत म्हणाली, "तू माही माय नाईस!" आणि सगळी पोरं बघत होती. अर्धा तास मी दारात उभी होते.

सोमवारी पालकसभा झाली. मी दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. सर सांगायला उभे राहिले तेव्हा मला वाटलं आता नाव घेतील. मी जमिनीकडे बघत राहिले. सर म्हणाले, "वर्षभर मी पद्धत उलटी लावली होती. आधी चूळ पाहिजे होती, मी तिचा विचारच केला नाही. माझी चूक झाली. अजून एक वर्ष द्या."

टपरीवरचा तो माणूस मागून म्हणाला, "म्हंजे सर, सालभर आमचे लेकरं उगाच थुंकले?" सगळी सभा हसली. बाया हसल्या. केंद्रप्रमुख हसले. सर म्हणाले, "हो. उगाच थुंकले." आणि खाली बसले.

मी तेव्हा उठून बोलायला पाहिजे होतं. नाही उठले. सभा संपल्यावर ओसरी झाडताना मी त्यांना म्हटलं, "सर, मव्हं नाव काऊन नाई घेतलं?" ते मोटारसायकलला किक मारत होते. म्हणाले, "माझी इथून बदली होईल, ताई. तुम्हाला इथंच राहायचं आहे."

त्यानंतर ते चार वर्षं होते. डॉक्टर मॅडम पुन्हा येऊन गेल्या. त्या वेळी मी चहा नेला तर सगळ्यांनी घेतला. रेणूची ती एक दाढ भरली आहे, बाकीच्या तीन चांगल्या आहेत. सर बदलून गेले, निवृत्त झाले, आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते वारल्याचं कळलं. आमच्या शाळेतल्या कोणाला लोणारला जायला जमलं नाही. मलाही नाही जमलं.

फळी अजून आहे. सरांच्या जागेवर आलेल्या आताच्या मॅडमनी ती रंगवून घेतली. परवा बाहेरगावचे काही शिक्षक आमच्या शाळेचं ब्रशचं काम बघायला आले होते. खिचडी झाली होती, मुलं चुळा भरत होती. मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या आणि सांगता सांगता म्हणाल्या, "आधीचे एक सर होते. चांगले होते, पण जरा विक्षिप्त. त्यांनी वर्षभर उलटीच पद्धत लावली होती, मग त्यांच्या लक्षात आलं." पाहुणे हसले.

मी गंज उचलत होते. तो खाली ठेवला.

"सराची चूक नव्हती," मी म्हटलं. "माही होती. सरानं बरोबर सांगतलं होतं. मी मागच्या दारातून पानी द्यायची. वर्षभर दिलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडम अवघडल्या. म्हणाल्या, "अहो मावशी, जाऊ द्या हो. किती जुनी गोष्ट आहे."

"जुनी हाये," मी म्हटलं, "पन माही हाये. सराच्या नावावर नका सांगू."

मॅडम पाहुण्यांकडे वळल्या आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा, पहिल्यापासून सांगितली. या वेळी बरोबर सांगितली. मी ती संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.